उपवर

दौलतगंजात, जिन्यावरच्या खोलीत
वधू-वर मंडळाची डिस्क बसली,
जानेवारीच्या धुक्यात, वीज दोनदा येऊन गेल्यावर.
कुमुदताई म्हणाल्या, "बॅकअप आहे ना? मग टाका परत."
टाका परत.
जसं गव्हाचं पोतं कोठीत उलटं करायचं.

पोतं मोठं होतं, कोठी लहान.
नवी डिस्क यायला आठ दिवस,
मंडळाकडे पैसे यायला त्याहून जास्त,
आणि मेळावा रविवारी.
हाताशी एक जुनं यंत्र, त्यात चाळीस जीबी रिकामं.

रिंकू भदौरियाने सरळ वाट धरली:
दोन दिवाळ्यांपूर्वीचा पूर्ण बॅकअप आधी,
मग त्यावर एकेका महिन्याचे बदल,
काळ जसा गेला तसे.
रीत चुकीची नव्हती.
पण काळ जसा गेला तसा परत आणायला
काळाएवढीच जागा लागते.

रात्री नऊला बघतो तर
ज्यांची लग्नं लागली ते सगळे पुन्हा उपवर.
जिच्या मुलाच्या बारशाचे पेढे मी खाल्ले
ती सुनेत्रा गोडंबे: मंगळ सौम्य, नोकरीवाला हवा.
इंदूरचा तो इंजिनियर, ज्याने तीनदा नाव घातलं, दोनदा काढलं,
तिन्ही वेळा वय एकोणतीस.
कम्पूतले एक बिजवर तर वारलेले,
"अपेक्षा: काही नाही" लिहून उभे.
त्यांना पुसायची नोंद होती पुढे, सातव्या महिन्यात,
तिथवर पोचायच्या आधीच
"सर, फुल हो गया," रिंकू म्हणाला.
त्र्याऐंशी टक्क्यांवर.
गेलेल्यांनी जागा धरलेली,
असलेले जिन्यात, थंडीत.

मी सगळं पुसलं.
रिंकूचा चेहरा पडला, त्याला गजक दिली अर्धी.
म्हटलं, उलटं वाचू.
शेवटचा महिना आधी, आणि त्याची नुसती यादी,
सामान नको.
आज कोण आहे तेवढं उतरवून घे.
मग मागे मागे जा,
ज्याचं जे सगळ्यात अलीकडचं ते एकदाच उचल,
जुनी प्रत समोर आली तर
बाजारात देणेकरी दिसल्यासारखा पुढे नीघ.
आणि पोतं आत आणायचंच नाही.
राहू दे बाहेरच्या डिस्कवर,
तोंड सैल कर, हवे ते दाणे वेच.
एकच फोटो चार फोल्डरांत पडलाय,
शहर, शाखा, वय, "तातडीचे".
फोटो एक ठेव, नावं चार दे.

पहाटेपर्यंत चाललं.
खाली कुणीतरी टायर जाळून शेकत होतं,
वास वर येत होता.
यूपीएस मधूनच शिट्टी घालायचा, आम्ही दोघंही दचकायचो.
जे घ्यायचं नव्हतं त्यांचीही एक यादी सरकत होती पडद्यावर,
झरझर, नावं लागत नव्हती इतकी.
एक लागलं.
पुणतांबेकर ह. वि., वय अठ्ठेचाळीस, निळा स्वेटर,
स्वतःचं दुकान, संगणक दुरुस्ती.
दोनशे चौदा केबी.
गेल्या मार्गशीर्षात मीच काढली होती ती फाईल,
ताई जेवायला गेल्या असताना.
कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलंही नाही.

साडेपाचला काम संपलं.
"कितनी जगह बची, सर?"
अकरा जीबी.
"अरे, बहुत है," म्हणत तो रजईत शिरला.

मी मनातल्या मनात भागाकार करून पाहिला,
अकरा जीबीत दोनशे चौदा केबी कितीदा बसतात.
मग यंत्राचं झाकण लावलं.
तीन स्क्रू घट्ट बसले,
चौथा टेबलाखाली, चपलांत, गजकच्या डब्यातसुद्धा पाहिला,
सापडला नाही.